मोजके आणि मूक : नौदलाचे मार्कोस

घाटकोपर पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गावर नौदलाच्या सामग्री संघटनेचे आवार आहे. पश्चिम ताफ्यातल्या जहाजांना लागणारे सुटे भाग आणि साहित्य पुरवणे हे या संघटनेचे काम. बसच्या खिडकीतून रोज ही जागा पाहणाऱ्या घाटकोपरकरांपैकी फार थोड्यांना आत काय चालते याची कल्पना असेल. याच रस्त्यावर २८ जुलै २००३ रोजी बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला आणि चार माणसे गेली. त्याआधी, २ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपर स्टेशनजवळ उभ्या बसमध्ये स्फोट होऊन दोघांचा बळी गेला होता. देशाच्या बचावाची तयारी आणि त्या बचावाची गरज, दोन्ही या उपनगराने आपल्या दारात पाहिल्या आहेत. म्हणून ज्या दलाबद्दल सर्वांत कमी बोलले जाते, त्याचा परिचय इथून सुरू करावासा वाटतो. हे दल म्हणजे भारतीय नौदलाचे मरीन कमांडो, म्हणजेच मार्कोस.

गुप्त आणि निवडक फौजेचे आकर्षण जुने आहे. फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ च्या ‘ड्यून’ या विज्ञान कादंबरीत हजारो वर्षांनंतरचा सम्राट ‘सार्दौकार’ नावाची फौज बाळगून असतो. साल्युसा सेकुंडस या तुरुंग ग्रहावरच्या जीवघेण्या हालांतून तावून सुलाखून निघालेली ही माणसे आहेत आणि त्यांच्या नुसत्या नावाने सगळे विश्व दचकते. पण त्याच कादंबरीत वाळवंटाचा कण न् कण ओळखणारे फ्रेमेन या फौजेला धूळ चारतात. हालअपेष्टांनी माणूस कणखर होतो, पण लढाई जिंकायला जागेची जाण लागते, हे हर्बर्टने ओळखले होते. मार्कोसची कहाणी वाचताना हीच गोष्ट पानोपानी दिसते.

करंजाचा तळ

१९८० च्या दशकात समुद्रातले तेलाचे फलाट, बंदरे आणि लांबलचक किनारपट्टी यांच्या रक्षणासाठी नौदलाला स्वतःचे विशेष दल हवे होते. फेब्रुवारी १९८७ मध्ये ‘इंडियन मरीन स्पेशल फोर्स’ या नावाने ते उभे राहिले. पहिल्या अधिकाऱ्यांपैकी काहींनी अमेरिकी नौदलाच्या सील दलाकडे प्रशिक्षण घेतले. १९९१ मध्ये दलाचे नाव ‘मरीन कमांडो फोर्स’ झाले आणि त्यातूनच ‘मार्कोस’ हे सुटसुटीत नाव रूढ झाले. मुंबई बंदराच्या पलीकडे, उरण तालुक्यात करंजाला असलेला आयएनएस अभिमन्यू हा त्यांचा मुख्य तळ. २०१६ मध्ये विशाखापट्टणमला आयएनएस कर्ण हा स्वतंत्र तळ सुरू झाला. मुंबईत राहणाऱ्या माणसाला हे दल दिल्लीच्या कुठल्या तरी कार्यालयातले वाटते. प्रत्यक्षात ते खाडीपलीकडे, मासेमारीच्या बोटींच्या शेजारी आहे.

निवडीला अर्ज करणारा आधीच नौदलात असतो. शारीरिक चाचण्यांच्या पहिल्या फेरीतच बरेच जण गळतात. पुढच्या काही आठवड्यांत झोप तोडली जाते, अंगावर सतत ओझे असते आणि थकलेल्या माणसाला तेव्हाच निर्णय घ्यायला लावले जाते. त्यातून तरलेल्यांचे खरे शिक्षण त्यानंतर सुरू होते. पॅराशूटच्या उड्या आग्ऱ्याला, पाणबुड्याचे शिक्षण कोचीला, जंगलातली लढाई मिझोरामच्या वैरंगटेला, शिवाय स्फोटके आणि जवळून केलेला अचूक गोळीबार, असे वर्षभराहून अधिक काळ चालते. दाखल झालेल्यांपैकी मोठा भाग वाटेतच परततो. परतणारा कच्चा असतो असे नाही. इथे मागितला जाणारा गुण वेगळा आहे: दम संपल्यावरही डोके थंड ठेवायचे.

या कामातली एकच गोष्ट जवळून पाहू. शत्रूच्या धक्क्यापर्यंत पाण्याखालून जाणाऱ्या कमांडोचे श्वसनयंत्र पर्यटकांच्या डायव्हिंगमधल्या टाकीसारखे बुडबुडे सोडत नाही. त्याने सोडलेला श्वास एका डब्यातल्या रसायनातून जातो, कार्बन डायऑक्साइड शोषला जातो आणि उरलेल्या हवेत शुद्ध ऑक्सिजन मिसळून ती पुन्हा त्याच्याच नाकातोंडाशी येते. पृष्ठभागावर एकही बुडबुडा येत नाही. पण शुद्ध ऑक्सिजन खोल पाण्यात विषारी होतो. त्यामुळे साधारण सहा-सात मीटरच्या आतच राहून, अंधारात, होकायंत्र आणि घड्याळाच्या काट्यावर पोहत जायचे. थोडे खाली गेले तर झटके येण्याचा धोका, थोडे वर आले तर दिसण्याचा. या अरुंद पट्ट्यात शांत राहता येणे, हीच या दलाची खरी परीक्षा.

जाफनाची रात्र

दल उभे राहून वर्षही झाले नव्हते तोच श्रीलंकेत भारतीय शांतिसेना अडकली. ऑपरेशन पवनमध्ये जाफना शहर तमिळ वाघांच्या ताब्यात होते आणि त्यांच्या वेगवान बोटी तिथल्या धक्क्यांवरून ये-जा करत होत्या. २१ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री लेफ्टनंट अरविंद सिंग यांच्यासह १८ कमांडो समुद्रातून गेले. शस्त्रे आणि स्फोटके घेऊन ते सुमारे १२ किलोमीटर पोहल्याचे सांगितले जाते. धक्क्याला आणि बोटींना सुरुंग लावून, गोळीबारातून वाट काढत ते परत आले. आपला एकही माणूस त्यांनी गमावला नाही. अरविंद सिंग यांना या कामगिरीसाठी महावीर चक्र मिळाले. नवख्या दलाने पहिल्याच मोठ्या लढाईत स्वतःला सिद्ध केले आणि पुढच्या सगळ्या तुकड्यांना मापदंड घालून दिला.

१९९५ पासून मार्कोस काश्मीरच्या वुलर तलावावरही तैनात आहेत. खाऱ्या पाण्यातून डोंगरांनी वेढलेल्या गोड्या पाण्यात आलेल्या या दाढीधारी कमांडोंना तिथे ‘दाढीवाला फौज’ म्हणू लागले. तलावावरून चालणारी दहशतवाद्यांची ये-जा थांबवण्यासाठी पाण्यावर दिवसरात्र राहणारी तुकडीच हवी होती. पुन्हा मुद्दा जागेच्या जाणिवेचाच.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला हाच धडा जमिनीवर गिरवला गेला. डिसेंबर १९९० मध्ये गडचिरोलीचे तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी नक्षलवाद्यांविरुद्ध ६० जवानांचे सी-६० पथक उभे केले. त्यात घेतले ते जिल्ह्यातलेच तरुण, गोंडी आणि माडिया बोलणारे, त्याच जंगलात वाढलेले. बाहेरून आलेल्या तुकडीला जिथे नुसती झाडे दिसतात, तिथे या पोरांना पाऊलवाट, पाणवठा आणि गाव दिसते. समुद्रात मार्कोस आणि अबुझमाडच्या जंगलाच्या कडेला सी-६०, दोघांचे सामर्थ्य एकाच मुळातून आले आहे.

२६/११ आणि मुंबई

मुंबईकरांनी मार्कोसना पहिल्यांदा पाहिले ते नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात. २६ तारखेच्या रात्री राज्य सरकारने नौदलाकडे मदत मागितली आणि मध्यरात्रीनंतर लहान तुकड्या ताज आणि ट्रायडंट हॉटेलांकडे पोहोचल्या. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल दिल्लीहून येईपर्यंत दुसरा दिवस उजाडला. मधल्या तासांत, शेकडो खोल्यांच्या अनोळखी हॉटेलमध्ये, अंधारात आणि धुरात, ओलिसांना धक्का न लावता पुढे जायचे, हे समुद्रासाठी तयार झालेल्या मोजक्या माणसांपुढचे काम होते. ताजमध्ये गोळ्या लागलेल्या मार्कोस प्रवीणकुमार तेवतिया यांना पुढे शौर्य चक्र मिळाले. छातीला गोळ्या लागल्या, एका कानाची श्रवणशक्ती गेली आणि ते पाण्याखालच्या कामासाठी अपात्र ठरले. पण त्यांनी हळूहळू पळायला सुरुवात केली, २०१७ मध्ये लडाखमधली ७२ किलोमीटरची खारदुंग ला मॅरेथॉन पूर्ण केली आणि आयर्नमॅन स्पर्धाही गाठली.

२७ नोव्हेंबरला काळ्या फडक्याने चेहरा झाकलेला एक मार्कोस अधिकारी पत्रकारांसमोर आला. त्याने हल्लेखोराची सापडलेली पिशवी दाखवली: दारूगोळा, हातबॉम्ब, क्रेडिट कार्डे, मॉरिशसचे ओळखपत्र. चेहरा कोणालाच दिसला नाही, पण शहराला माहिती मिळाली. गुप्तता आणि जबाबदारी हातात हात घालून जाऊ शकतात, याचा तो नमुना होता.

त्या तीन दिवसांनी व्यवस्था बदलली. २००९ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे केंद्र मुंबईत आले आणि महाराष्ट्र पोलिसांचे फोर्स वन हे पथक उभे राहिले. माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने त्या रात्रीच्या त्रुटी तपासल्या. शूर माणसे वेळेवर पोहोचण्यासाठी विमान, वाहन, नकाशा आणि आदेश आधी तयार असावे लागतात, हे मुंबईने फार मोठी किंमत मोजून शिकले.

‘रुएन’वरचे चाळीस तास

ती तयारी किती पुढे गेली याचा दाखला मार्च २०२४ मध्ये मिळाला. माल्टाचा झेंडा असलेले ‘रुएन’ हे मालवाहू जहाज डिसेंबर २०२३ मध्ये सोमाली चाच्यांनी पळवले होते आणि ते आता इतर जहाजांवर हल्ले करण्यासाठी वापरले जाण्याची चिन्हे होती. आयएनएस कोलकाताने त्याला गाठले. चाच्यांनी युद्धनौकेवर आणि तिच्या ड्रोनवर गोळ्या झाडल्या. युद्धनौकेने नेमका मारा करून जहाजाची सुकाणू यंत्रणा निकामी केली. १६ मार्चला हवाई दलाचे सी-१७ विमान भारतापासून सुमारे २,६०० किलोमीटर उडून आले आणि त्यातून दोन बोटी आणि १८ मार्कोस भर समुद्रात उतरले. जवळपास ४० तासांच्या कारवाईनंतर सर्व ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. २३ मार्चला आयएनएस कोलकाता मुंबईत आली आणि चाच्यांना मुंबई पोलिसांच्या ताब्यात देण्यात आले. पुढचा खटला २०२२ च्या सागरी चाचेगिरी विरोधी कायद्याखाली.

उडी मारणारे १८ जण आपल्याला आठवतात. पण त्या बोटी बांधून सज्ज करणारे, पॅराशूटच्या घड्या घालणारे, सुटे भाग वेळेवर पोहोचवणारे, इंजिन तपासणारे, आणि शेवटी पंचनामा लिहिणारे पोलीस, असे कितीतरी हात त्या एका उडीमागे होते. घाटकोपरच्या सामग्री संघटनेसारख्या कचेऱ्या हे त्या साखळीचे दुवे आहेत. निवडक माणसे जितकी मोजकी, तितकी त्यांच्यामागची माणसे अधिक लागतात.

म्हणून अशा दलाकडे पाहताना भुरळ आणि भीती, दोन्ही बाजूला ठेवाव्यात. त्यांच्या मोहिमा गुप्त राहणे रास्त आहे, त्यांचे चेहरे झाकलेले राहणेही रास्त आहे. पण जखमी होऊन परतलेल्या कमांडोची काळजी आणि प्रत्येक मोठ्या कारवाईनंतरची प्रामाणिक चौकशी या गोष्टी अंधारात राहू नयेत. कादंबरीतल्या सम्राटाची फौज फक्त सम्राटाला उत्तर देते. आपली फौज संविधानाला आणि नागरिकांना उत्तर देते, आणि तिची खरी ताकद यातच आहे. तिच्यावरचा विश्वास टिकवायचा असेल, तर तिला लागणारी साधने, तिच्या जखमांवरचे उपचार आणि तिच्या चुकांवरची चर्चा या तिन्हींची मागणी आपणच करायला हवी.