लुका टोनीचे ३१ गोल आणि ग्राफमध्ये न दिसणारे स्ट्रायकर

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक ग्राफ काढला होता. आडव्या अक्षावर स्ट्रायकरचं वय, उभ्या अक्षावर त्या वयाच्या खेळाडूंचे एका हंगामातले सरासरी गोल. रेषा तिशीनंतर खाली यायला हवी होती. माझी रेषा पस्तिशीजवळ थोडी वर चढत होती! मी खूश. वय वाढलं की अनुभव कामाला येतो, असा निष्कर्षही लिहून ठेवला. सेमिनारमध्ये गाइडनी ग्राफ बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "बाकीचे कुठे गेले?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायला आलं नाही. आज ते तुम्हाला समजावून सांगते, म्हणजे तुमच्या सेमिनारमध्ये तुमची अशी फजिती व्हायला नको. त्यासाठी एका इटालियन स्ट्रायकरची कारकीर्द सोबत घेऊ. नाव लुका टोनी. फुटबॉल बघत नसाल तरी चालेल, आकडे वाचता आले म्हणजे झालं.

आधी माणूस, मग डेटा

टोनीचा जन्म २६ मे १९७७चा, उत्तर इटलीतल्या मोदेनाजवळच्या पावुल्लो या डोंगराळ भागातल्या गावचा. उंची सहा फूट चार इंचांच्या आसपास. गोल केला की कानाशी हात नेऊन पंजा फिरवायचा, ही त्याची खूण. २००६चा विश्वचषक जिंकलेल्या इटलीच्या संघात तो होता. २०१६मध्ये निवृत्त झाला.

आता त्याचे लीगमधले काही निवडक हंगाम बघा. इटलीत सेरी ए ही सर्वांत वरची पातळी, तिच्याखाली सेरी बी, त्याखाली सेरी सी.

- १९९७-९८, फिओरेन्झुओला, तिसरी पातळी: २६ सामने, २ गोल
- १९९८-९९, लोदिजानी, तिसरी पातळी: ३१ सामने, १५ गोल
- २००३-०४, पालेर्मो, सेरी बी: ४५ सामने, ३० गोल
- २००५-०६, फिओरेन्तिना, सेरी ए: ३८ सामने, ३१ गोल
- २००६-०७, फिओरेन्तिना, सेरी ए: २९ सामने, १६ गोल
- २००७-०८, बायर्न म्युनिक, जर्मनीची बुंडेसलिगा: ३१ सामने, २४ गोल
- २०१०-११, जेनोआ आणि युव्हेंटस मिळून, सेरी ए: ५ गोल
- २०१३-१४, व्हेरोना, सेरी ए: ३४ सामने, २० गोल
- २०१४-१५, व्हेरोना, सेरी ए: ३८ सामने, २२ गोल

यादीवरून एकदा शांतपणे नजर फिरवा. विसाव्या वर्षी हा मुलगा तिसऱ्या पातळीवर २६ सामन्यांत २ गोल करतोय. अठ्ठाविसाव्या वर्षी सेरी एमध्ये ३१ गोल करून युरोपातला गोल्डन शू घेतोय. तेहतिसाव्या वर्षी संपल्यासारखा दिसतोय, पुढे काही महिने दुबईच्या क्लबकडूनही खेळून येतो. आणि २०१४-१५मध्ये इंटरच्या माउरो इकार्दीसोबत सेरी एचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरतो. हंगाम संपायच्या आठवड्यातच त्याला अडतीस पूर्ण झाली होती. इतक्या वयात हा मान आधी कुणाला मिळाला नव्हता.

गोष्ट भारी आहे, यात वाद नाही. पण गोष्ट जितकी भारी, तितकं संशोधकाने सावध राहायचं.

पहिला सापळा: छेद विसरणं

३१ हा आकडा ३० पेक्षा मोठा, मग २००५-०६चा हंगाम २००३-०४ पेक्षा एका गोलाने सरस, एवढंच का? नाही. पालेर्मोच्या वेळी सेरी बीमध्ये २४ संघ होते, सामनेही जास्त. ३० भागिले ४५ म्हणजे सामन्यामागे ०.६७ गोल. ३१ भागिले ३८ म्हणजे ०.८२. शिवाय दुसरा आकडा वरच्या पातळीवरचा, बचावपटू जास्त तगडे. म्हणजे फरक एका गोलापेक्षा बराच मोठा आहे.

इथेही थांबू नका. सामना म्हणजे नव्वद मिनिटं की शेवटची दहा? पेनल्टी कोण घेत होतं? बायर्नसारख्या बलाढ्य संघात स्ट्रायकरपर्यंत चेंडू जास्त पोचतो, नुकत्याच वर आलेल्या व्हेरोनात कमी. म्हणून 'टोनी किती चांगला' आणि 'टोनीच्या संघाने त्याला किती संधी दिल्या' या दोन गोष्टी एकाच आकड्यात मिसळलेल्या असतात. तुमच्या विषयातही असा एखादा आकडा असेलच. शाळेचा निकाल घ्या, एकरी उत्पादन घ्या, रुग्ण बरे होण्याचं प्रमाण घ्या. तो वापरण्याआधी त्याचा छेद काय आणि त्यात आणखी काय मिसळलंय, हे वहीत लिहून काढा.

दुसरा सापळा: शिखरानंतरच्या घसरणीला कारण चिकटवणं

३१ गोलांनंतरच्या हंगामात १६. वर्तमानपत्री उत्तरं तयारच असतात: विश्वचषकाचा थकवा, दुखापत, यशाची हवा डोक्यात गेली. त्या हंगामात फिओरेन्तिनाला १५ गुणांचा दंड होता, तेही कारण सांगता येईल. यातलं काही खरंही असू शकतं. पण कुठलंही कारण नसतं तरी ३१चे पुन्हा ३१ होण्याची शक्यता कमीच होती.

का? कुठल्याही विक्रमी हंगामात कौशल्य असतं आणि नशीबही असतं. चेंडू खांबाला लागून आत जातो, समोरचा गोलकीपर घसरतो. कौशल्य पुढच्या वर्षी सोबत येतं, नशीब तेवढंच येईल याची हमी नाही. म्हणून अतिशय उंच आकड्यानंतरचा आकडा बहुतेक वेळा सरासरीकडे परततो. अतिशय खालच्या आकड्याचंही तसंच. १९९७-९८च्या २ गोलांनंतर १५ आले, तेव्हा त्याला 'नव्या क्लबने घडवलं' म्हणण्याआधीही हाच विचार करायचा.

नमुना लहान असला की हे जास्त जाणवतं. ३१ गोलांच्या हंगामानंतर लगेचच टोनी विश्वचषक खेळला. तिथे त्याने दोन गोल केले, दोन्ही युक्रेनविरुद्धच्या एकाच सामन्यात. अंतिम सामन्यात त्याचं एक हेडर क्रॉसबारला लागलं, दुसरं आत गेलं पण ऑफसाइड ठरलं. काही इंच इकडेतिकडे झाले असते तर आपण त्याच्या विश्वचषकाबद्दल वेगळं बोललो असतो. खेळाडू तोच राहिला असता.

तिसरा सापळा: बाकीचे कुठे गेले?

आता माझ्या फसलेल्या ग्राफकडे येऊ. एक काल्पनिक उदाहरण घेते, आकडे सोयीसाठी ठरवलेले आहेत.

चार स्ट्रायकर आहेत. तिसाव्या वर्षी त्यांचे गोल २०, १२, ८ आणि ४. सरासरी ११. पस्तिसाव्या वर्षी पहिला १४ गोल करतो, दुसरा १०. तिसऱ्या आणि चौथ्याला तोवर कुठलाही क्लब करार देत नाही, ते घरी बसलेत. पस्तिशीची सरासरी किती? १४ आणि १०, भागिले दोन, म्हणजे १२.

बघा, ११ वरून १२! रेषा वर गेली. पण खेळणाऱ्या दोघांपैकी एकही जण सुधारलेला नाही. एकाचे सहा गोल कमी झाले, दुसऱ्याचे दोन. सरासरी वाढली, कारण तिला खाली ओढणारे दोघं डेटातूनच गायब झाले. माझ्या ग्राफमध्ये नेमकं हेच झालं होतं. याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. जे टिकले त्यांनाच मोजायचं आणि निष्कर्ष मात्र सगळ्यांबद्दल काढायचा.

यावरचा साधा उपाय असा की सरासऱ्यांची तुलना करण्याऐवजी प्रत्येक खेळाडूची स्वतःशीच तुलना करायची. २० चे १४ म्हणजे उणे ६, १२ चे १० म्हणजे उणे २. सरासरी बदल उणे ४. रेषा लगेच खाली वळते. मी दुसऱ्या सेमिनारला हा सुधारलेला ग्राफ घेऊन गेले आणि वाटलं, सुटलो. तर पुन्हा तोच प्रश्न आला, "बाकीचे कुठे गेले?"

कारण उणे ४ हा आकडाही टिकलेल्यांचाच आहे. ज्यांची घसरण सगळ्यात जास्त झाली असती, त्यांना कुणी खेळवलंच नाही, म्हणून ती घसरण कुठे नोंदली गेली नाही. खरी घसरण बहुधा उणे ४ पेक्षा मोठी असणार. किती मोठी, हे सांगायला गायब झालेल्यांबद्दल काहीतरी गृहीत धरावं लागतं आणि ते गृहीतक प्रबंधात स्पष्ट लिहावं लागतं. पूर्ण इलाज नाही. प्रामाणिकपणा हाच त्यातल्या त्यात इलाज.

आता यात खरा टोनी टाका. सदतिसाव्या-अडतिसाव्या वर्षी सेरी एमध्ये खेळणारे स्ट्रायकर मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यात एकाचे २२ गोल आले की त्या वयाची सरासरी एकटा माणूस उचलून धरतो. म्हणून सरासरीच्या शेजारी त्या वयाचे खेळाडू किती होते, हे लिहायचंच. मध्यक काढून बघायचा. आणि तो एक बिंदू वगळला तर निष्कर्ष टिकतो का, हेही तपासायचं.

मग एका माणसाच्या कारकिर्दीचा उपयोग काय?

उपयोग आहे, तीन ठिकाणी.

एक, 'कधीच नाही' असा दावा मोडायला. 'पस्तिशीनंतर कुणी सेरी एचा सर्वोच्च गोलवीर होऊ शकत नाही' हा दावा एका उदाहरणाने कोसळतो. टोनीच्या आधी २००१-०२मध्ये दारिओ ह्युबनरने पिआचेंझाकडून २४ गोल करून पस्तिसाव्या वर्षी हा मान मिळवला होता, तोही विभागून. गंमत म्हणजे ह्युबनर ब्रेशा क्लब सोडून गेला, त्याच उन्हाळ्यात टोनी ब्रेशात आला होता.

दोन, नवा प्रश्न शोधायला. टोनीचा खेळ वेगावर फारसा उभा नव्हता. उंची, अंगाने बचावपटू अडवून धरणं, गोलसमोर योग्य जागी असणं, यावर तो उभा होता. वेग वयाबरोबर जातो, उंची जात नाही. मग उंच, जागा धरून खेळणारे स्ट्रायकर वेगवान स्ट्रायकरपेक्षा हळू घसरतात का? हे गृहीतक झालं. टोनीने ते सुचवलं, म्हणून ते तपासताना टोनीला पुरावा धरायचं नाही. दुसरे खेळाडू घ्यावे लागतील.

तीन, आपली मोजपट्टी कुठे तोकडी पडते ते कळायला. २०१०-११चे ५ गोल बघून कुठल्याही मॉडेलने त्याला निवृत्त केलं असतं. तीन वर्षांनी तो व्हेरोनाकडून पहिल्याच सामन्यात मिलानविरुद्ध दोन गोल करतो. मॉडेल चुकलं म्हणून टाकायचं नसतं. ते कुठे आणि का चुकलं, याची नोंद ठेवायची असते.

एका कारकिर्दीवरून काय सांगता येत नाही? 'असं किती वेळा होतं' हे सांगता येत नाही. १९९७-९८मध्ये इटलीच्या तिसऱ्या पातळीवर विशीतले आणखी कितीतरी स्ट्रायकर दोन-चार गोलांवर अडकले असतील. त्यातल्या एकाचं नाव आपल्याला माहीत आहे, कारण पुढे त्याने सेरी एमध्येच १५७ गोल केले. मी टोनी निवडला तोच मुळी त्याच्या यशामुळे. निवडतानाच निकाल बघितला की नमुना वाकडा झालाच.

आता तुमच्याबद्दल

हे सगळं फुटबॉलसाठी लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, "मी एकोणतीस वर्षांचा आहे, बत्तीस वर्षांची आहे, पीएचडीला उशीर झाला का?" उत्तरादाखल कुणीतरी लगेच एखाद्या चाळिशीत डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाची गोष्ट पाठवतं. त्या गोष्टीने बरं वाटतं. वाटू द्या. पण त्या गोष्टीवर आयुष्याची पाच-सहा वर्षं लावू नका. तिच्यावरून एवढंच कळतं की असं होऊ शकतं. आणि 'आता काय उपयोग' म्हणणाऱ्या काकांचंही ऐकू नका, त्यांच्याकडेही एकच उदाहरण असतं, बहुतेक शेजारच्या मुलाचं.

तुम्ही छेद मागा. ज्या विभागात प्रवेश घेणार, तिथे गेल्या काही वर्षांत किती जणांनी नोंदणी केली, किती जणांनी प्रबंध दिला, किती वर्षं लागली, फेलोशिप किती काळ पुरली? तुमच्या वयाचे आणि घरची जबाबदारी असलेले त्यात किती होते? विभागाच्या फलकावर पदवी मिळवलेल्यांचीच नावं असतात. सोडून गेलेल्यांपैकी किमान दोघांना गाठा आणि चहा पाजून विचारा, काय झालं होतं. मी प्रवेश घेण्याआधी हे केलं नव्हतं. केलं असतं तरी प्रवेश घेतलाच असता, पण पहिल्या दोन वर्षांचे पैसे वेगळ्या हिशोबाने ठेवले असते.

शेवटी थोडा गृहपाठ. आवडीचा एक खेळाडू, गायक किंवा शास्त्रज्ञ घ्या. त्याच्या कारकिर्दीचे आकडे वर्षवार मांडा. शेजारी तीन रकाने आखा: यावरून काय सिद्ध होतं, कुठला प्रश्न सुचतो, काय अजिबात सांगता येत नाही. तिसरा रकाना सगळ्यात लांब झाला तर समजा, जमलं. आणि कागदाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत तो प्रश्न लिहून ठेवा. माझ्या टेबलासमोर अजून चिकटवलेला आहे: बाकीचे कुठे गेले?