जळगावच्या दालमिली आणि पूर्व आफ्रिकेची तूर

जळगावच्या दालमिलींत भरडली जाणारी सर्वच तूर महाराष्ट्राच्या मातीतली असते, असा समज असल्यास तो दूर केला पाहिजे. टांझानियाच्या लिंडी व मट्वारा प्रांतांत आणि मोझांबिकच्या उत्तर भागात पिकणारी तूर आगबोटीने न्हावाशेव्यास उतरते आणि धुळ्याच्या वाटेने खानदेशातही पोहोचते. तेथील शेतकऱ्याच्या स्वतःच्या ताटात तूर फारशी नसते. तो ती मुख्यतः हिंदुस्थानासाठी पिकवतो. आपल्याकडची तूर साधारणतः डिसेंबर-जानेवारीत बाजारात येते, तर तिकडची ऑगस्टनंतर. आपली कोठारे रिकामी होत असतानाच ती येत असल्याने हा व्यापार मुळात उभयपक्षी हिताचा आहे.

असे असता त्याची वाटचाल मात्र धरसोडीची झाली. २०१५ साली डाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली, तेव्हा सरकारला आफ्रिकेची आठवण झाली. जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी करार होऊन १ लाख टनांपासून प्रारंभ करून पाच वर्षांत २ लाख टनांपर्यंत खरेदी वाढविण्याचे ठरले. त्याच हंगामात देशात तुरीचे विक्रमी पीक आले. ५,०५० रुपयांचा हमीभाव कागदावर राहिला आणि महाराष्ट्रातील शेतकरी खरेदी केंद्रांपुढे दिवसेंदिवस रांगेत उभा राहिला. लगेच ऑगस्ट २०१७ मध्ये, सरकारी करारांतील माल वगळता, आयातीवर वार्षिक २ लाख टनांची मर्यादा आली. डिसेंबरच्या सुमारास पेरलेले टांझानियातील पीक तेव्हा काढणीस आले होते. तेथील भाव कोसळले. पुढे भाव चढताच मे २०२१ मध्ये आयात पुन्हा खुली करण्यात आली.

शहरातील गृहिणीस डाळ परवडली पाहिजे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु तिच्या सोयीचा सारा भार धुळे-जळगावच्या कोरडवाहू शेतकऱ्याने का सोसावा? कपाशीत तुरीच्या ओळी घेणाऱ्या या शेतकऱ्यास पेरणीच्या वेळी काढणीच्या वेळचे धोरण ठाऊक नसते. समुद्रापलीकडील त्याच्या बांधवाचीही हीच स्थिती आहे. दालमिलवाल्याससुद्धा माल कधी भरून ठेवावा आणि कधी नाही, याचा अंदाज बांधता येत नाही. अशा अनिश्चिततेत लाभ होतो तो साठेबाजाचाच.

आमची सूचना साधी आहे. बाजारभाव हमीभावाखाली जाताच आयातकर आपोआप वाढावा आणि भाव ठरावीक मर्यादेवर चढताच तो उतरावा, असा नियम निदान पाच वर्षांसाठी जाहीर करावा. मृगाच्या पेरणीपूर्वी आपल्या शेतकऱ्यास आणि वर्षअखेरच्या पेरणीपूर्वी आफ्रिकेतील शेतकऱ्यास तो ठाऊक असला पाहिजे.

या व्यापाराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. खानदेशाने तिकडे विकावे काय? जळगावच्या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण युगांडासारख्या देशात केळी हे घरोघरचे अन्नच असल्याने तेथे आपले घड पाठविण्यात हशील नाही. ज्या विद्येने जळगावची केळी सुधारली ती विद्या मात्र विकण्याजोगी आहे. ऊतिसंवर्धित रोपे, ठिबकाच्या नळ्या आणि डाळ भरडण्याची यंत्रे यांना त्या कोरडवाहू मुलखात मागणी वाढू शकते. पण खरेदीसाठी तेथील शेतकऱ्याच्या गाठीस पैसा हवा, आणि तो त्याला तुरीतून मिळतो. त्याची तूर अवचित नाकारणे म्हणजे आपल्याच भावी गिऱ्हाइकाचा खिसा कापणे होय.

व्यापार विश्वासावर चालतो. तो विश्वास दर हंगामास मोडून पुन्हा जोडता येत नाही, हे दिल्लीने ध्यानी घ्यावे, आणि जळगाव-धुळ्याच्या लोकप्रतिनिधींनी त्यासाठी एकमुखाने आवाज उठवावा.