सौर फेरीबोटीचा ताळेबंद

केरळच्या वेंबनाड सरोवरात वैकम ते तवणक्कडवू अशी ये-जा करणारी ‘आदित्य’ जानेवारी २०१७मध्ये सेवेत आली. राज्य जलवाहतूक विभागाची ही ७५ आसनांची बोट. छपरावर २० किलोवॉटचे सौर पॅनल, पोटात ५० युनिट वीज साठवणारी लिथियम बॅटरी. पहिल्या तीन वर्षांत तिने सुमारे १ लाख लिटर डिझेल, म्हणजे ७५ लाख रुपये वाचवले. बोटीची किंमत दोन कोटींच्या घरात. या गतीने आठेक वर्षांत ती फिटते. याचे सगळे श्रेय उन्हाला देऊन लोक मोकळे होतात. खरे तर त्यातला मोठा वाटा बोटीच्या घडणीचा आणि वेळापत्रकाचा आहे. पाण्यात वेग दुप्पट करायचा तर ताकद ढोबळमानाने आठपट लागते. जुन्या जड बोटीतले इंजिन काढून नुसती मोटर बसवली असती, तर बॅटरी इतकी मोठी लागली असती की बोट मुख्यतः तिचेच ओझे वाहत राहिली असती. कोचीच्या नवाल्ट कंपनीने आधी गरज कमी केली: फायबरचे दोन अरुंद, हलके सांगाडे जोडले, वेग बेताचा ठेवला. मार्ग पाव तासाचा आणि कायमचा ठरलेला असल्यामुळे रोज किती वीज लागणार हे आधीच मांडता आले.

पावसाळ्यात ऊन नसते, हा आक्षेप फारसा टिकत नाही; कमी पडलेली वीज धक्क्यावरून भरता येते. बॅटरी बदलण्याचा खर्च मात्र खरा आहे. तो धरला की आठ वर्षांची मुदत लांबते, आणि ती किती लांबेल हे बॅटरी कशी वापरली यावर ठरते. त्याहून अवघड मुद्दा मालकीचा. सरकारी खात्याचे तिकीट जेमतेम काही रुपयांचे, त्यामुळे बचतीतून नफा होत नाही, तोटा घटतो. खासगी लाँचमालकाला हे परवडायचे तर भांडवल फिटेपर्यंत मार्ग आपल्याकडेच राहील याची हमी हवी. नॉर्वेत २०१५ साली लाविक–ओप्पेदाल मार्गावर १२० मोटारी नेणारी ‘अँपिअर’ ही विजेची फेरी सुरू झाली, ती सरकारी रस्ते खात्याच्या दीर्घ मुदतीच्या कंत्राटाच्या भरवशावर. गावची वीजवाहिनी तोकडी म्हणून दोन्ही धक्क्यांवर वेगळ्या बॅटऱ्या बसवाव्या लागल्या. बोटीप्रमाणे धक्काही भांडवल मागतो, हे आपल्याकडच्या घोषणांत सहसा दिसत नाही.

मुंबईत गेटवे–मांडवा मार्गावर हे गणित तूर्त जुळत नाही. उघडा समुद्र, घाईतले प्रवासी आणि पावसाळ्यात बंद राहणाऱ्या लाँच. महागडी बोट तेवढे महिने नुसती उभी राहणार. नवाल्टनेच माझगाव डॉकसाठी बांधलेली ‘बाराकुडा’ साडेबारा नॉट गाठते, पण त्या १४ मीटरच्या बोटीत प्रवासी १२च. वसई–भाईंदर रो-रोचे तसे नाही. तिथे खाडीचे पाणी आहे, अंतर पाव तासाचे आहे, मार्ग ठरलेला आहे. तिथल्या चालकाला दहा वर्षांचा करार आणि दोन्ही जेट्ट्यांवर पुरेसा वीजभार मिळाला, तर डिझेलचा आग्रह धरायला त्याच्याकडे फारसे कारण उरणार नाही.