आर10 ने दाखवलेले पट्टे कापडात होते का?

विभागात जुना डीएसएलआर पडून आहे, त्यावर प्रोजेक्ट करू की नवा मिररलेस घेऊ? हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. आधी मी दोन ओळींत उत्तर द्यायचे. गेल्या दिवाळीत घरी, म्हणजे इचलकरंजीला गेले, तेव्हा असं काही घडलं की ते उत्तर आता दोन ओळींत मावत नाही. म्हणून एकदाच इथे नीट लिहून ठेवते.

आमच्या काकांची शेड आहे, आठ साधे माग. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली विठ्ठलराव दातारांनी आणला आणि तेव्हापासून गावात निम्मी घरं या ना त्या वाटेने मागाशी बांधलेली आहेत, आमचंही त्यातलंच. चुलतभाऊ एमएससीला आहे. त्याचा प्रोजेक्ट असा की कापडाचा फोटो काढायचा आणि त्यातला दोष सॉफ्टवेअरने शोधायचा. कॉलेजचा कॅनन 600डी त्याच्याकडे होता. हा 2011 सालचा, 18 मेगापिक्सेलचा डीएसएलआर. त्याचा एक मित्र लग्नाचे फोटो काढतो, त्याच्याकडून सुट्टीपुरता आर10 आणलेला. तो 2022 सालचा, 24 मेगापिक्सेलचा मिररलेस.

पोराने एक गोष्ट अगदी बरोबर केली होती. दोन्ही कॅमेऱ्यांवर एकच लेन्स, 60 मिमीची मॅक्रो. आर10 ला ती अडॅप्टर लावून बसते. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा हलायला जागा लागते, म्हणून कॅननच्या जुन्या माउंटमध्ये ते अंतर 44 मिमी आहे. आरसा गेल्यावर नव्या माउंटमध्ये ते 20 वर आलं. अडॅप्टर म्हणजे मधली 24 मिमीची पोकळ नळी, आत काच नाही. त्यामुळे लेन्स जशी होती तशीच राहते. तुलना करायची तर बदलणारी गोष्ट एकच हवी, हे त्याला न सांगता कळलं होतं.

कापड 63 इंच पन्ह्याचं, रीड 92, म्हणजे इंचाला 92 उभे धागे. तागा टांगून, साधारण सव्वादोन मीटरवरून तो अर्धा पन्हा एका फोटोत घेत होता, म्हणजे साडेएकतीस इंच. लॅपटॉपवर दोन फोटो शेजारी शेजारी लावून म्हणाला, "ताई, हे बघ की. जुन्यात काहीच नाही आणि नव्यात पट्टे दिसतायत. नवा कॅमेरा दोष पकडतोय."

खरंच पट्टे होते. उभे, फिकट-गडद, साधारण 8 मिमीला एक. पाठीमागून काकांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. उभा पट्टा म्हणजे फणीचा दोष. त्या मागावरच्या कामगाराला बोलावलं. त्याची मजुरी पिकावर, आणि दिवाळीचा हिशोब अजून व्हायचा होता. तागा कमी भावात गेला तर कुणाच्या नावावर पडणार, हे शेडमध्ये सांगावं लागत नाही. त्याने तागा खाली घेतला, उजेडाकडे धरला, बोट फिरवलं आणि म्हणाला, "कापडात काय बी न्हाई. हात लावून बघा."

मी पण हात लावला. काही नव्हतं. पण फोटोत होतं. आता कुणावर विश्वास ठेवायचा?

इथे थोडं गणित करू, पाचवीच्या पातळीचं आहे. आर10 चा फोटो 6000 पिक्सेल रुंद. साडेएकतीस इंचात 6000, म्हणजे इंचाला साधारण 190 पिक्सेल. धागे इंचाला 92. म्हणजे एका धाग्याला दोन पिक्सेलच्या किंचित वर. नमुने घेण्याचा नियम तुम्ही पदवीला शिकलाच असाल: जी गोष्ट पुन्हा पुन्हा येते तिच्या एका फेरीत किमान दोन नमुने हवेत. नियमात बसतंय की! मग घोळ कुठे?

घोळ असा की सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल सगळे रंग बघत नाही. प्रत्येकावर एका रंगाची बारीक गाळणी असते. निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे, बुद्धिबळाच्या पटासारखे मांडलेले. उरलेले रंग कॅमेरा शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतो. लाल पिक्सेल एकाआड एक येतात, म्हणजे लाल रंगासाठी इंचाला 190 नाही, 95 च नमुने. आणि धागे 92. म्हणजे धाग्याला जेमतेम एक नमुना. 95 आणि 92 यांच्यात तीन-सव्वातीनचा फरक. इंचाला सव्वातीन पट्टे, म्हणजे सुमारे 8 मिमीला एक पट्टा. बरोबर तेच, जे काकांना दिसलं.

दोन जाळ्या एकमेकींवर ठेवून जरा हलवल्या की लाटा दिसतात ना, तोच प्रकार. याला म्वारे म्हणतात. एक जाळी कापडाची, दुसरी सेन्सरची.

हेच गणित 600डी साठी करून बघा. 5184 पिक्सेल, इंचाला साधारण 165, लाल 82. 92 वजा 82, इंचाला जवळजवळ 10 पट्टे, म्हणजे अडीच मिमीला एक. जुन्या फोटोतही खोटे पट्टे होतेच, फक्त इतके बारीक की डोळ्याला ते कापडाचा पोत वाटले. म्हणजे नव्या कॅमेऱ्याने दोष पकडला नव्हता आणि जुन्याकडून तो निसटलाही नव्हता. दोघंही चुकत होते, वेगवेगळ्या मापाने.

खरं तर म्वारेचे पट्टे मूळ फोटोत गुलाबी-हिरवट दिसतात आणि पांढऱ्या कोऱ्या कापडावर गुलाबी पट्टा दिसला की कुणालाही शंका येते. पण आमच्या पोराने फोटो आधीच काळा-पांढरा करून ठेवले होते, सॉफ्टवेअरला तसेच लागतात म्हणून. चूक ओळखण्याची एकमेव खूण पहिल्याच पायरीवर पुसली गेली. प्रक्रिया करण्याआधीचा फोटो एकदा तरी डोळ्यांनी बघा. मूळ फाइल उघडून शंभर टक्के आकारात बघा, छोटी प्रतिमा नको.

गणित केलं तरी काकांना पटवायचं होतंच. मी स्टँड थोडं मागे घेतलं, जेमतेम पाच टक्के, दहा-अकरा सेंटिमीटर. पट्टे 8 मिमीचे होते ते जवळजवळ 2 सेंटिमीटरचे झाले. मग कॅमेरा जरासा तिरका केला, तर पट्टे भलतेच तिरके झाले. फणीचा दोष असता तर कॅमेरा कुठेही ठेवा, तो कापडावर त्याच जागी, त्याच मापाचा दिसला असता. काका काही बोलले नाहीत. धागे मोजायचं भिंग काढून स्वतः एक इंच मोजला, 92 भरले, आणि कामगाराला चहा सांगितला.

मग कॅमेरा कुठला घ्यायचा? प्रश्न अजून तसाच आहे. आता हा हिशोब बघा. चौकट साडेएकतीस इंचांवरून चार इंचांवर आणली तर 600डी एका धाग्याला 14 पिक्सेल देतो आणि आर10 देतो 16. दोन्ही भरपूर. 18 वरून 24 मेगापिक्सेल म्हणजे तेहतीस टक्के वाढ, असं जाहिरातीत वाचतो. पण धागे आपण एका दिशेने मोजतो आणि एका दिशेने वाढ फक्त सोळा टक्के आहे. चौकटीचं माप बदलल्यावर सात-आठ पट फरक पडला, नवा कॅमेरा घेतल्यावर सोळा टक्के. पैसे कुठे टाकायचे हे यावरून ठरवा. मला विचाराल तर चांगलं स्टँड आणि एकसारखा उजेड.

"पण डीएसएलआरचा आरसा आपटतो, फोटो हलतो," असं कोणीतरी म्हणेलच. हलतो, जवळून काढताना दिसण्याइतका हलतो. त्यावर उपाय जुन्याच कॅमेऱ्यात आहे. लाइव्ह व्ह्यू चालू केलं की आरसा आधीच वर जातो आणि सेन्सरवरचं चित्र थेट मागच्या पडद्यावर येतं. डीएसएलआर तेवढ्यापुरता मिररलेस होतो म्हणा ना. फोकस हाताने करा, पडद्यावर दहापट मोठं करून करा. आरशातून बघून फोकस करताना वेगळा फोकस-सेन्सर वापरला जातो आणि तो मुख्य सेन्सरशी किंचित जुळत नसेल तर फोटो पुढे-मागे जातो. लाइव्ह व्ह्यूत ती भानगडही संपते. स्थिर वस्तूसाठी मिररलेसचे दोन मोठे फायदे असे फुकटात मिळतात. अर्थात चालत्या मागासमोर उभे असाल तर आरशाचं सोडाच, आख्खी फरशी हलत असते.

उलट मिररलेसची एक सोय संशोधनात महागात पडू शकते. इलेक्ट्रॉनिक शटर. आवाज नाही, हादरा नाही, म्हणून सगळे ते लावतात. पण त्यात सेन्सर एका झटक्यात वाचला जात नाही, ओळीमागून ओळ वाचला जातो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बऱ्याच स्वस्त एलईडी ट्यूब सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, पण शटरचा वेग जास्त असेल तर सेन्सरच्या काही ओळी उजेडात वाचल्या जातात, काही अंधुकात. फोटोत आडव्या पट्ट्या येतात. आणि कापडात आडवी पट्टी म्हणजे बाण्याचा दोष, माग थांबवून पुन्हा चालू केला की येतो तसा! म्हणजे उभा खोटा दोष म्वारेने दिला, आडवा ट्यूबलाइटने.

या पट्ट्यांचा एक उपयोग मात्र होतो. दोन गडद पट्ट्यांमधला काळ 10 मिलिसेकंद. पूर्ण उंचीत समजा तीन पट्ट्या दिसल्या, तर तुमचा सेन्सर वाचायला साधारण 30 मिलिसेकंद लागतात. कुठलंही उपकरण न आणता कॅमेऱ्याचा एक गुणधर्म मोजून झाला. स्थिर कापडासाठी यांत्रिक शटर ठेवा, वेळ 1/50 किंवा 1/25 सेकंद, म्हणजे उजेडाच्या पूर्ण फेऱ्या बसतात. धावत्या धोट्याचे फोटो हवे असतील तर इलेक्ट्रॉनिक शटर धोटाच वाकडा दाखवेल, तिथे ते नकोच.

आणखी एक, शेडमध्ये काम करणाऱ्यांसाठी. हवेत सुताची लव उडत असते. मिररलेसची लेन्स काढली की बऱ्याच मॉडेलमध्ये सेन्सर समोर उघडा असतो. डीएसएलआरमध्ये निदान आरसा आणि शटर आड असतात. लेन्स शेडमध्ये बदलू नका, घरी बदला.

आता रंगाचं. इथे मी स्वतः भाजलेले आहे. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी रंगवलेले सुती तुकडे दिव्याखाली ठेवून त्यांचा रंग किती उडतो हे मी फोटोवरून मोजत होते. अर्ध्यात कॅमेरा बदलावा लागला, उसना होता, परत मागितला गेला. नव्या कॅमेऱ्याने पुढचे फोटो काढले, आलेखात बिंदू टाकले आणि उडालेला रंग एका रात्रीत परत आलेला! कारण साधं होतं. दोन कॅमेऱ्यांच्या रंग-गाळण्या सारख्या नसतात आणि मी जेपीईजी वापरत होते, ज्यात प्रत्येक कॅमेरा आपल्या मर्जीने उजेड आणि रंग वळवतो. माझी चूक सापडली ती केवळ अशक्य दिशेला गेली म्हणून. तीच उडी उलट दिशेला असती, तर "रंग झपाट्याने उडाला" असं मी आनंदाने लिहिलं असतं आणि गाइडनेही मान डोलावली असती. ही गोष्ट आठवली की अजून पोटात खड्डा पडतो.

जुना कॅमेरा परत गेलेला, तुकडे उडून गेलेले. दोन मापं जोडायला काही उरलं नव्हतं. अकरा आठवड्यांचं काम पुन्हा केलं. म्हणून सांगते, कॅमेरा बदलायचाच असेल तर जुना हातात असतानाच बदला. पाच-सहा नमुने त्याच दिवशी, त्याच उजेडात दोन्हींनी काढा. शेजारी रंगांचा तक्ता ठेवा. फाइल रॉ घ्या, व्हाइट बॅलन्स आणि आयएसओ हाताने लावा. लेन्सला झाकण लावूनही एक फोटो घ्या, म्हणजे सेन्सरचा "शून्य" कुठे आहे ते कळतं. तो प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळा असतो आणि वजा करावा लागतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

मिररलेस घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. 2020 नंतर कॅनन आणि निकॉन दोघांनीही सगळा भर तिकडेच दिलाय, नव्या लेन्स तिकडेच येतायत. प्राणी-पक्षी, हलणारी गोष्ट, अंधारातला व्हिडिओ असा विषय असेल तर नव्याच्या ऑटोफोकसला जुन्याची सर नाही; 600डी कडे फोकसचे नऊच बिंदू आहेत. पण नवा कॅमेरा घेतलात तर पहिल्या दिवशी त्याच्याने ओळखीच्या वस्तूचा फोटो काढा, जिचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे.

भावाने मग 600डी वरच, चार-चार इंचांच्या चौकटींनी तोच तागा पुन्हा काढला. पन्ह्याला सोळा फोटो लागतात, कंटाळवाणं काम आहे. एका चौकटीत एक उभा धागा दुहेरी गेलेला सापडला. तो खरा दोष होता. फोटो मोठा करून बघितला तर कडेला खडूची खूण दिसली. कामगाराने ती माग चालू असतानाच करून ठेवली होती. आर10 दोन दिवसांनी मित्राकडे परत गेला. तुळशीचं लग्न झालं होतं, त्याची लग्नसराई सुरू होणार होती.