उष्णतारोधक थर आणि किनाऱ्यावरचें घर

रेवदंड्याच्या जुन्या पोर्तुगीज तटाच्या आंत नारळी-पोफळींच्या सावलींत कौलारू घरें आहेत, आणि त्यांच्या शेजारीं सपाट गच्चीचीं नवीं घरेंहि उभीं आहेत. वैशाखांत काँक्रीटची गच्ची दिवसभर तापते व तिच्याखालची खोली मध्यरात्रीपर्यंत निवत नाहीं. म्हणून एखादा गृहस्थ पदरमोड करून गच्चीवर उष्णतारोधक थर घालून घेतो. छतांतून येणारी उष्णता सहाव्या हिश्शावर येईल, असें गणित त्याला दाखविलेलें असतें. पुढच्या उन्हाळ्यांत मात्र फरक थोडाच जाणवतो, आणि खर्च पाण्यांत गेला असें त्याला वाटूं लागतें. गणित खोटें नसतें. पण ज्या छताचें तें केलेलें असतें, तें छत प्रत्यक्षांत बहुधा बांधलेंच जात नाहीं.

अशा थरांत उष्णता अडविण्याचें काम मुख्यत्वें कोंडलेली स्थिर हवा करते. काचेच्या लोकरीच्या तंतूंमध्यें किंवा फेसाच्या तक्त्यांतील बारीक पुटकुळ्यांत ती अडकलेली असते. पाणी अशा हवेच्या वीस पटींहून अधिक उष्णता वाहून नेतें. गणितांतील आंकडा कोरड्या नमुन्याचा असतो. या किनाऱ्यावर तर वर्षाकाठीं सुमारें २००० मिलिमीटर पाऊस पडतो. गच्चीच्या गिलाव्याला चीर गेली कीं पाणी आंत उतरतें, लोकर भिजून दबते, आणि हवेची जागा पाणी घेतें.

दुसरें कारण फटींचें. उघडी गच्ची झांकलेल्या गच्चीच्या सहापट उष्णता आंत सोडते, असें धरावें. १०० चौरस फुटांपैकीं ५ फूट जागा नळाभोंवतीं, कठड्याच्या कडेला व तक्त्यांच्या सांध्यांत उघडी राहिली, तर ९५ फुटांतून ९५ भाग आणि उरलेल्या ५ फुटांतून ३० भाग, मिळून १२५ भाग उष्णता आंत येते. विसाव्या हिश्शाच्या हयगयीनें उष्णता चतुर्थांशानें वाढते.

तिसरें कारण शरीराचें. किनाऱ्यावरील काहिली केवळ तापमानाची नसते. हवा दमट असल्यानें घाम वाळत नाहीं. थर उष्णता अडवितो, दमटपणा अडवीत नाहीं. म्हणून पंखा लागतोच. शिवाय पश्चिमेच्या खिडकींतील ऊन छताला वगळून आंत येतें, आणि रात्रीं खिडक्या बंद ठेवल्या तर तीच उष्णता बाहेर जाण्यास थर अडथळा करतो.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनें २०१८ मध्यें काढलेल्या इको-निवास संहितेंत छताला मर्यादा घातली आहे: आंतबाहेरच्या तापमानांतील दर अंशाच्या फरकामागें, दर चौरस मीटरला १.२ वॉट. ही मर्यादा नकाशावर पाळणें सोपें आहे. ती गच्चीवर पाळली गेली कीं नाहीं, हें थर झांकला जाण्यापूर्वींच पाहतां येतें. मागाहून सारें गिलाव्याखालीं जातें.

म्हणून गृहस्थानें आधीं पाण्याचा उतार व गळती पाहावी, सांधे उघडे असतांना स्वतः गच्चीवर चढावें, पश्चिमेच्या खिडकीला सावली करावी आणि रात्रीं वारा खेळूं द्यावा. कौलारू घर पावसाळ्यापूर्वीं शाकारावें लागतें, हें कोंकणांत कोणासहि सांगावें लागत नाहीं. नव्या छताला तेवढीच निगा लागते. फरक इतकाच कीं, फुटलेलें कौल खालून दिसतें, भिजलेला थर दिसत नाहीं.