मैत्रिणीला शुभेच्छापत्र



शहागड हे जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्याचे गाव. ते गोदावरीच्या काठी वसले आहे. नदीपलीकडे बीड जिल्हा लागतो. या दोन्ही जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी गाव सोडतात. त्यांच्याबरोबर अनेक मुलीही जातात. शाळा मागे राहते, मैत्रिणीही मागे राहतात.

समजा, तुमच्या शेजारची मैत्रीण अशीच गेली आहे. तिची दिवाळी या वर्षी उसाच्या फडाजवळ, कोपीत होणार. फोन बहुधा वडिलांच्या खिशात असतो. तिला उर्दू वाचता येत नाही. अशा वेळी तुमची मराठी कामाला येते. तिला शुभेच्छापत्र लिहा.

छापील शुभेच्छापत्राची गोष्ट मोठी गमतीची आहे. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या गृहस्थांना नाताळात इतक्या जणांना पत्रे लिहायची होती, की त्यांना वेळ पुरेना. म्हणून त्यांनी एका चित्रकाराकडून चित्र काढून घेतले आणि पत्रे छापली. म्हणजे छापील मजकूर हा श्रम वाचविण्यासाठी आला. तो कोणालाही पाठविता येतो. म्हणूनच, केवळ तुमच्या मैत्रिणीलाच लागू पडेल असे एक तरी खरे वाक्य तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिले पाहिजे.

मराठी पत्राची तुम्हांला भीती वाटते का? त्यातील शब्द पाहा. पत्राच्या आरंभाला 'मायना' म्हणतात. मधल्या भागाला 'मजकूर' म्हणतात. शेवटी काही राहिले, तर 'ता. क.' म्हणजे 'ताजा कलम' लिहितात. कागद, शाई, तारीख हे शब्दही तुमच्या ओळखीचेच आहेत! उर्दूत आपण 'दिली मुबारकबाद' देतो, मराठीत 'हार्दिक शुभेच्छा' देतो. हार्दिक म्हणजे हृदयातून आलेले. अर्थ एकच आहे.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्या. उर्दूत दोन लिंगे आहेत, मराठीत तीन. 'पत्र' हा शब्द नपुंसकलिंगी आहे. म्हणून 'माझा पत्र' नव्हे, 'माझे पत्र' असे लिहावे.

आता हा नमुना वाचा :

प्रिय मैत्रिणीस,
दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा! मागच्या दिवाळीत तू करंज्यांचे ताट घेऊन आली होतीस. या वर्षी कोणी दार वाजविले, की तूच आलीस असे वाटते. तुझ्या वर्गातील मुलीकडून मी गणिताची वही मागून घेतली आहे. रोज थोडे तुझ्यासाठी उतरवून ठेवते. तू आलीस, की लगेच शाळेत जायचे आहे.
तुझी मैत्रीण
ता. क. ईदच्या शीरखुर्म्यातील तुझा वाटा राखून ठेवीन.

या पत्रात अवघड शब्द एकही नाही. पण करंज्यांचे ताट आणि गणिताची वही दुसऱ्या कोणाच्या पत्रात येणार नाहीत. 'तू लवकर शिकायला ये' असा उपदेशही येथे नाही. वही उतरवून ठेवली, यातच सगळे आले. मात्र वही खरोखर उतरवीत असाल, तरच तसे लिहा. 

पाकिटावर पत्ता स्वच्छ अक्षरांत लिहा. कारखान्याचे नाव, गाव, तालुका, जिल्हा घरच्या मोठ्या माणसांकडून विचारून घ्या. सहा अंकी पिन कोड विसरू नका. तो भारतात १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. ही पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्या महाराष्ट्राचेच. ते डाक-तार खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी होते. जालना शहराचा पिन ४३१२०३ आहे. पहिल्या तीन अंकांवरून टपाल कोणत्या विभागाकडे न्यायचे ते कळते, शेवटच्या तीन अंकांवरून टपाल कचेरी कळते. नेमका पत्ता मिळाला नाही, तर तिकडे जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती पत्र द्या.

दिवसभर मोळ्या बांधून थकलेल्या मुलीच्या हाती तुमचे पत्र पडेल. गावात आपली कोणी वाट पाहत आहे, हे तिला कळेल. तेव्हा आजच कागद घ्या आणि ते एक खरे वाक्य आधी लिहा.