मुलांमधील मेंदूविकार : सकाळची उलटी, वाढते डोके यांकडे दुर्लक्ष नको

सकाळी उठताच डोके दुखणे आणि उलटीनंतर बरे वाटणे, असे मुलाच्या बाबतीत वारंवार घडू लागल्यास ते केवळ पित्त समजणे धोक्याचे ठरू शकते. रात्रभर आडवे राहिल्याने कवटीतील दाब वाढतो; मेंदूत गाठ असल्यास त्याचा त्रास पहाटे अधिक जाणवतो. मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाखालोखाल मेंदूच्या गाठी आढळतात. त्यांतील अनेक गाठी तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूच्या परिसरात होतात. त्यामुळे चालताना झोक जाणे, नव्याने आलेला तिरळेपणा, मान सतत कलती राहणे, अक्षर बिघडणे ही लक्षणेही महत्त्वाची ठरतात.

तान्ह्या बाळाला दुखणे सांगता येत नाही. जन्मतः सुमारे ३५ सेंटीमीटर असलेला डोक्याचा घेर पहिल्या वर्षात साधारण १२ सेंटीमीटरने वाढतो. याहून वेगवान वाढ, फुगलेली टाळू, खाली वळलेली नजर ही मेंदूत पाणी साचल्याची खूण असू शकते. त्यामागे जन्मजात रचनादोष असू शकतो, तशीच गाठही. वर्षाच्या आतच एकाच हाताचा वापर, झटके किंवा शिकलेली कौशल्ये हरपणे यांचीही तपासणी आवश्यक असते.

टाळू उघडी असेपर्यंत सोनोग्राफीने मेंदू पाहता येतो. नेमक्या निदानासाठी एमआरआय करावा लागतो. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाड्या व सरकारी शाळांत विनामूल्य तपासणी होते. मात्र उलट्यांसोबत गुंगी येत असल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे.